लाडकीचा दाखला

१७ जानेवारी

गाठ सुटेना, तेव्हा कापली. घरात कोयता होता, पण त्याला धार नव्हती. चिंध्या वळून केलेली दोरी, तेलकट आणि चिवट. लाडकी हात मागे ओढत होती. मी म्हणाले, थांब आजी, आता मोकळी होशील. ती काहीतरी ओरडली, ते मला कळलं नाही. शेवटचा पीळ तुटला तशी दोरी कुडाच्या भोकातून सरकन बाहेर गेली आणि बाहेर कुठेतरी पत्र्याचा डबा खडखडला.

शेजारचा चिंधू धावत आला. साठीचा असेल. हात मातीने भरलेले.

"काय झाला? लाडके, काय झाला?"

मग मला पाहून थांबला. मी विचारलं, माणसाला असं बांधतात का? गुरासारखं?

"बांदलेली नाय बाय, ती आमी…"

"मी डोळ्यांनी पाहिलं. कोणी बांधलं?"

"तिचा पोरगा लावून गेला. हितेश."

"कुठे आहे तो?"

"वीटभट्टीवर. शिमग्याला येल."

"आईला बांधून गेला. आणि तू बघत राहिलास."

यावर तो हसला. दात लाल, काही पडलेले. त्या हसण्याची मला शिसारी आली. मी सांगितलं, पुन्हा दोरी दिसली तर पोलिसात जाईन. तो हसायचा थांबला.

लाडकीचं वय पंचाहत्तर तरी असेल. कमरेतून वाकलेली, धरल्याशिवाय उभी राहत नाही. एका डोळ्यात फूल पडलंय. कोपऱ्यात भाताची कणगी, पाण्याचे दोन हंडे भरलेले, झाकलेले. बाजेखाली मुताचा वास. मनगटावर दोरीच्या जागी कातडी गुळगुळीत आणि पांढरी झाली आहे. चिंधूच्या बायकोने ॲल्युमिनियमच्या पेल्यात कोरा चहा आणला. पेल्याच्या काठावर काहीतरी वाळलं होतं. चहा मी घरामागे ओतला.

हाताशी उरलेली दोरी पिशवीत घालून आणली. अहवालाला फोटो जोडायचा आहे.

१८ जानेवारी

घरी आल्यावर काल तीनदा हात धुतले, आज सकाळी पुन्हा. वास नखांत राहिला आहे असं वाटतं.

कॉलेजात एकतीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर बोईसरच्या या मदत केंद्रात येऊन दीड महिना झाला. ज्या म्हाताऱ्या माणसांना सरकारी किंवा संस्थांच्या सोयी माहीत नसतात, त्यांना त्या मिळवून द्यायच्या. अर्ज, दाखले, दवाखाना, आश्रमात जागा. समन्वयक मोनाली माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची आहे. तिने दोरीचा फोटो पाहिला आणि म्हणाली, "बाप रे. मॅडम, ही केस आपण यादीत वरच घेऊ. मार्चपर्यंत पंचवीस दाखवायच्यात."

दाखवायच्यात. हा शब्द मला आवडला नाही. पण लाडकी वर आली हे बरं झालं.

२१ जानेवारी

पाड्याच्या आरोग्यसेविकेचा, आशाताईचा फोन. लाडकी पहाटे पडली. बाजेवरून उतरताना. दुपारपर्यंत जमिनीवर तशीच होती. आशाताई औषध द्यायला गेली म्हणून कळलं.

मी लगेच गेले. हाड मोडलेलं नाही. पण गाल आणि खांदा काळानिळा, लुगडं भिजलेलं, आणि तोंडाभोवती मुंग्या. मुंग्या आशाताईने पुसल्या. मी दारात उभी राहिले.

चिंधूचं घर तीस पावलांवर आहे. मी मोजली. तीस पावलांवर एक माणूस सहा तास जमिनीवर पडलेलं, आणि कोणाला पत्ता नाही. मी त्याला हे सुनावलं.

"आवाज आला नाय बाय. तिचा आवाज कुठं जातो? दोरी असती तर…"

"दोरीचं नाव काढू नकोस."

त्याची बायको लाडकीचं डोकं मांडीवर घेऊन तिला काहीतरी पाजत होती. आता हे सगळं. सहा तासांनंतर.

परत येताना वडापच्या इको गाडीत ठरवलं. तिला आश्रमात हलवायचं.

२२ जानेवारी

आश्रम बेटेगावच्या बाजूला आहे. चाळीस खाटा, त्यातल्या दोन रिकाम्या. व्यवस्थापक भावेश, गळ्यात दोन मोबाईल. म्हणाला, "मॅडम, घेऊ ने, का नाय घेऊ? पण मुलगा असेल तर नाय. आपल्याकडे फक्त निराधार. ट्रस्टचा नियम छे."

मी म्हणाले, मुलगा असून नसल्यासारखा आहे.

"तसं कागदावर आणा," तो म्हणाला.

लाडकीच्या रेशनकार्डावर फक्त तिचंच नाव आहे. हितेशने लग्नानंतर वेगळं कार्ड काढलं. म्हणजे कागदावर तो आधीच निघून गेला आहे. मी काही नवं करत नाही.

२४ जानेवारी

तलाठ्याच्या दाखल्याला पंच म्हणून दोन शेजाऱ्यांचा जबाब लागतो. मजकूर मी लिहिला: 'सदर महिला निराधार असून तिला मूलबाळ अथवा सांभाळणारे कोणीही नाही.' वाक्य चांगलं झालं. तलाठी म्हणाले, बाई, तुमचं अक्षर सुंदर आहे.

पाड्यात सध्या म्हातारे आणि लहान पोरं. बाकी सगळे भट्टीवर किंवा वसईला बांधकामावर. चिंधू आणि त्याची बायको, दोघांचे अंगठे घेतले. चिंधूने अंगठा शाईत बुडवला आणि तसाच वर धरला.

"काय लिवलाय बाय?"

"लाडकीला मदत मिळावी असं लिहिलंय."

"हितेशला सांगाया होवा ना?"

"सांगू नंतर."

त्याने अंगठा टेकवला. दोनदा, कारण पहिला पुसट आला. मग शाई कुडाला पुसली. त्याच्या बायकोने मला पावटे दिले, पिशवीत घालून. नको म्हणता आलं नाही. घरी आल्यावर कामवालीला दिले.

२८ जानेवारी

आश्रमाची माणसं उद्या चौकशीला येणार. आज लाडकीला तयार केलं. तिला मराठी थोडी कळते, बोलता येत नाही. मी सावकाश विचारलं, "तुझं कोण आहे?"

"हितू."

"नाही. असं म्हणायचं नाही. म्हणायचं, माझं कोणी नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. पुन्हा विचारलं. पुन्हा हितू. चार वेळा. वर्गात मठ्ठ मुलगा एकच चुकीचं उत्तर हसऱ्या तोंडाने देत राहतो, तसं. शेवटी मी म्हणाले, हितूचं नाव घेतलंस तर पोलिस त्याला घेऊन जातील. म्हातारीला समजेल असंच सांगावं लागतं. आणि ज्याने आईला बांधून ठेवलं, त्याला पोलिसांनी नेलं तर काय चुकलं?

ती घाबरली. मग बरोबर म्हणाली.

"माझा कोन नाय."

दहा वेळा म्हणून घेतलं.

३० जानेवारी

दाखल केलं. चौकशीत तिने न अडखळता सांगितलं. भावेश सगळ्याच म्हाताऱ्यांना माजी म्हणतो. म्हणाला, "बहुत सरळ माजी छे."

गाडीत बसवताना तिने दाराची चौकट धरून ठेवली. चिंधूच्या बायकोने तिची बोटं एकेक करून सोडवली आणि रडली. रडायला काय झालं, कळत नाही. इतके दिवस ओझं होतं, ते गेलं.

आश्रमात गेल्यावर केस कापले. सगळ्यांचेच कापतात, उवा होऊ नयेत म्हणून. गळ्यातली मण्यांची माळ काढून कागदात बांधून ठेवली. गाऊन दिला, पिवळा, त्यावर बदकं. लाडकी गाऊनमध्ये उभी राहिली. हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. मला क्षणभर तिच्याकडे बघवलं नाही.

पण चादर स्वच्छ आहे. फिनाईलचा वास आहे, मुताचा नाही. खाटेला कठडा आहे. आता पडणार नाही.

मोनालीने केंद्राच्या ग्रुपवर फोटो टाकला. पंचावन्न जणांनी हात जोडले.

९ फेब्रुवारी

एमआयडीसीतल्या कुठल्याशा कंपनीचे लोक आश्रमात आले होते. त्यांचा सामाजिक कार्याचा दिवस. सारख्या टी-शर्टमधली वीस माणसं, एक फलक, चार डझन केळी. प्रत्येक म्हाताऱ्याच्या हातात केळं द्यायचं आणि तीन जणांनी मागे उभं राहायचं. लाडकीने केळं सोलायला घेतलं तर एक मुलगी म्हणाली, "आजी, अभी नहीं, फोटो के बाद." केळं काढून घेतलं, पुन्हा दिलं. पहिल्या वेळी फोटोग्राफर तयार नव्हता.

नंतर व्हरांड्यात त्यांचा नाश्ता. ढोकळा, सामोसे, पेढे. आत एक म्हातारा ओकला. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही, कारण भाषण चालू होतं. भाषणात संस्कार हा शब्द सात वेळा आला. मुलं आईबापांना टाकतात, असं ते साहेब म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

मग मला आभार मानायला सांगितलं. मानले.

घरी आले. अंघोळ केली.

२२ फेब्रुवारी

लाडकी बोलत नाही. मदतनीस बाई बिहारची आहे. म्हणाली, "माई ॲडजस्ट हो गई है. कोई तकलीफ नहीं देती." खिचडी अर्धी टाकते. तिला आंबील हवी असेल, पण ती कोण करणार? उजव्या हाताने डावं मनगट चोळत बसते. दोरीची जागा. जखम बाहेरून भरते, आतून भरत नाही.

हे वाक्य अहवालात घेतलं.

११ मार्च

दुपारी हितेश केंद्रात आला. मागे चिंधू. मी ज्याची वाट बघत होते तो हा. मनात तो धिप्पाड होता. प्रत्यक्षात पस्तिशीचा, बारका, भट्टीच्या धुळीने पापण्याही तांबड्या. पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"माझी आय कुठं हाय?"

मी त्याला बोलायचं ठरवलं होतं ते सगळं बोलले. आईला बांधून जायची लाज वाटली नाही का, ती सहा तास जमिनीवर होती, तिच्या तोंडाला मुंग्या लागल्या होत्या. तो ऐकत राहिला. मग चिंधूकडे वळून म्हणाला, "पडली? मंग डबा नाय वाजला?"

चिंधू जमिनीकडे बघत होता.

"डबा कसला?" मी विचारलं.

"दोरी, बाय. तिच्या हातात एक टोक, चिंधूकाकाच्या घरात डबा. तिनं वडली का वाजतो. रातचा उठायचा, पानी होवा, काय पन. काकी जाते." तो हाताने ओढून दाखवत होता. "आमचे पाड्यात समदे लावून जातात. बा होता तवा त्याला पन लावलेली. अशा चार दोऱ्या हायत काकाकडं. चार म्हातारी, चार डबे. कुठला वाजला ते काकी वळखते."



"कोनी कापली?" त्याने चिंधूला विचारलं.

चिंधूने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा खाली घातली. "तुटली," तो म्हणाला.

मग हितेशने त्याला धरलं. "न् आंगठा? आशाताय सांगते, तूच आंगठा मारलास का तिचा कोन नाय. मी मेलो? काका, मी मेलो काय?"

"मना काय म्हाईत काय लिवला! मना सांगला मदत हाय."

मोनाली आतून म्हणाली, "आवाज कमी करा, इथे मीटिंग चालू आहे."

हितेशला आई शिमग्याला घरी हवी आहे. परवा होळी. शिमग्यानंतर ठेकेदाराची गाडी येईल, मग पुन्हा पावसापर्यंत नाही. या वेळी बायकोला मागे ठेवतो म्हणाला. मी म्हणाले, उद्या आश्रमात चला.

ती दोरी केंद्राच्या कपाटात आहे, पाकिटात, केस नंबर घालून.

१२ मार्च

सकाळी अकराला गेलो. भावेशने फाईल उघडली.

"मॅडम, मुलगा तर नाय ने फाईलमध्ये. हा कोण?"

"मुलगा."

"मग दाखला खोटा?" तो हसला. "तलाठी खोटा, पंच खोटे, तुम्ही सही केली ते पण? असं नका करू. पोलिसमध्ये जाईल ते. आणि उद्या कोणी पण येईल, मी मुलगा छू बोलेल. माजीला तर विचारू."

त्याआधी भेटीच्या वहीत लिहायचं होतं. नाव, गाव, नातं. हितेश पेन धरून थांबला. मी हळूच म्हणाले, तूर्त 'ओळखीचा' लिही. त्याने एकेक अक्षर कोरून लिहिलं. चिंधूने खाली अंगठा द्यायला नकार दिला. "परत नाय," म्हणाला.

लाडकी खाटेवर बसली होती. डोकं भादरलेलं, बदकांचा गाऊन. हितेश दारातच थबकला. त्याने तिला ओळखलं नसावं. मग गेला आणि खाटेजवळ उकिडवा बसला.

"आये."

तिचा हात उठला. अर्ध्यावर आला. मग चादरीखाली गेला.

"माजी," भावेश मोठ्याने म्हणाला, "हा कोण छे? तुमचा कोण?"

ती त्याच्याकडे बघत नव्हती, हितेशकडेही नाही. दारात रखवालदार उभा होता, खाकी कपड्यांत. त्याच्याकडे बघून तिने सांगितलं.

"माझा कोन नाय."

"आये, मी हितू."

"माझा कोन नाय. माझा कोन नाय." आवाज सपाट. मी शिकवलेला.

"बघा," भावेश म्हणाला. "तीच नाय बोलते."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. समोर देणगीदारांच्या नावांचा संगमरवरी फलक आहे. मी नावं वाचली. वर्णानुक्रम चुकला आहे.

बाहेर आल्यावर हितेश पायरीवर बसला. रडला नाही. म्हणाला, "वळखला तिनं. माझी बाही फाटलीय ना, तेवढीच बघीत होती. वळखला. पन भ्याली हाय. कोनाला भ्याली, बाय?"

मी म्हणाले, वयामुळे होतं असं.

चिंधू एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्याशी मोठ्याने बोलला. "वयाचा नाय व्हत ता," म्हणाला. मग दोघं फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला जाऊन बसले. जात नव्हते. मी निघाले.

दुपारी मोनालीला सांगितलं की मी खरं काय ते लिहून देणार. तिने खुर्ची जवळ ओढली.

"मॅडम, लेखी काही देऊ नका. एक फाईल उघडली की पंचवीस उघडतील. सगळ्यांचीच कोणी ना कोणी आहेत. तुम्हाला काय वाटलं?"

मला काय वाटलं होतं, ते मला आठवेना. पंचविसांपैकी अकरा माझ्या. त्यातल्या चौघांकडून 'माझं कोणी नाही' मीच म्हणून घेतलं होतं.

"आणि घरी नेऊन काय करणार तो? पुन्हा दोरी बांधणार."

तिला दोरीचं सांगितलं नाही.

संध्याकाळी पत्र लिहिलं. तीन वेळा. पहिल्यात 'अनवधानाने' हा शब्द होता. दुसऱ्यात 'तिच्या हितासाठी'. तिसऱ्यात नुसतं: मुलगा आहे हे मला माहीत होतं. पंचांना मजकूर वाचून दाखवला नाही. बाईला खोटं बोलायला मी शिकवलं, पोलिसांची भीती घालून. खाली सही, पत्ता, फोन.

पत्र लाडकीपुरतंच आहे. बाकी दहा जणांबद्दल लिहिलं नाही. दोरीबद्दल पत्रात लिहायचं कारण नव्हतं.

१३ मार्च

सकाळी साडेआठला पत्र दिलं. भावेशने उभ्याने वाचलं, पुन्हा वाचलं आणि आत गेला. नऊ वाजायच्या आत लाडकीला फाटकाबाहेर आणलं, प्लास्टिकच्या खुर्चीवर. मुलगा असल्याचा पुरावा कोणी मागितला नाही. माळेची पुडी मिळाली नाही. नोंदवहीतलं तिचं पान काढलेलं होतं. भावेशने पत्र माझ्या हातात परत ठेवलं. म्हणाला, "ह्या माजी इथे आल्याच नाय, मॅडम." हितेश आणि चिंधू रात्रभर रस्त्यावरच होते. हितेशने तिला पाठीवर घेतलं. दहाच्या इकोने ते मनोरकडे, पाड्यावर गेले.